साडेपाच मिलिमीटर

मागच्या शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या सोसायटीतली एक फेज गेली. अख्खी वीज गेली असती तर कुणाला एवढं वाटलं नसतं. पण शेजारच्याचा पंखा चालू आणि आपला बंद, हे पुणेरी मनाला सहन होत नाही. त्यात वायफाय बंद. पाच मिनिटांत निम्मी सोसायटी हाफ पँटवर खाली मीटर रूमपाशी जमली. मीही होतोच.

मग आमचे वायरमन मामा आले. बिल्डिंग बांधली तेव्हापासून ते इथेच आहेत. खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत पक्कड, टेस्टर, काळी चिकटपट्टी, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि एक पिवळा मल्टिमीटर. मामांनी मेन पॅनेलचं झाकण काढलं, "सरका जरा मागं" म्हणाले आणि मीटरच्या दोन लीड दोन हातांत धरून उघड्या बस-बारला टेकवल्या. मीटर मानेला दोरीने लटकवलेला. म्हणजे छातीवर. "आर-वाय चारशे बारा. बी आलीच नाही. बाहेरचा फॉल्ट आहे, महावितरणला फोन लावा." मीटर परत पिशवीत गेला. काम झालं.

सगळे पांगले. मी मात्र जिना चढताना त्या मीटरचाच विचार करत होतो, कारण तो मीटर मी ओळखत होतो. अगदी तसाच एक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी तपकीर गल्लीतून दीडशे रुपयांना घेतला होता. (शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, नोकरी जावाची. हा रोग आमच्या पिढीत सार्वत्रिक आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) तो मीटर आजही एकदम बरोबर रीडिंग देतो. रिमोटचे सेल, मुलीच्या खेळण्यातली बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं त्यानेच बघतो. पण तो छातीवर लटकवून मी मीटर रूममध्ये कधीच गेलो नसतो. का गेलो नसतो, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. म्हणून रविवारी दुपारी तो उघडला.

मागचे दोन स्क्रू काढले की अख्खं गुपित समोर येतं. एक प्रिंटेड बोर्ड, मधे काळ्या थेंबाखाली झाकलेली चिप, गोल फिरणारा स्विच आणि खाली लीड खोचायच्या तीन पितळी नळ्या. मी व्हर्निअर घेतला (हो, माझ्याकडे व्हर्निअर आहे, बायकोलाही हा प्रश्न पडतो) आणि व्होल्टच्या नळीकडून निघणारी तांब्याची पट्टी आणि कॉमनची पट्टी सगळ्यात जवळ कुठे येतात ते शोधलं. १.८ मिलिमीटर. एका डाळीच्या दाण्यापेक्षाही कमी. आणि मीटरच्या तोंडावर छापलंय: १००० व्होल्ट डीसी, ७५० व्होल्ट एसी.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे की. हवा एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट सहन करते हे बारावीत शिकवलेलं असतं. म्हणजे १.८ मिलिमीटरला पाच हजारांच्या वर झाले. साडेसातशेचं काय घेऊन बसलास?

इथेच गंमत आहे. एक तर ते तीन हजार दोन गुळगुळीत समांतर पत्र्यांसाठी असतात. बोर्डवर पत्रे नसतात. सोल्डरची टोकं असतात, कापलेल्या तारा असतात, काटकोनात वळलेल्या पट्ट्या असतात. टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि हवा बरीच आधी हार मानते. आणि दुसरं म्हणजे, अडचण साडेसातशे व्होल्टची नाहीच. आपल्या घरातले २३० व्होल्ट हे सज्जन सरासरी आहेत. शिखर धरलं तर ३२५. पण त्या लाइनवर अधूनमधून काहीतरी वेगळंच येऊन जातं. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या पावसात कुठेतरी वीज कोसळते. पंपाची मोटर बंद होते. लिफ्टचा काँटॅक्टर खटकन सुटतो. त्या क्षणी लाइनवर काही हजार व्होल्टचा एक काटा उभा राहतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी निघून जातो. प्रयोगशाळेत त्याची जी नक्कल करतात ती १.२ मायक्रोसेकंदात शिखरावर जाते आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते. तुमचा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा बदलतो. हा काटा त्याला दिसतसुद्धा नाही.

तर मल्टिमीटरचं व्होल्टेज रेटिंग म्हणजे तो किती व्होल्ट मोजू शकतो हे नाही. मोजत असताना असा काटा आला तर तुमचं काय होईल, याचं ते उत्तर असतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, आपण सगळे हॅपी पाथ बघून मीटर विकत घेतो आणि रेटिंग असतं एक्सेप्शन हँडलरचं.

या सगळ्याचं बायबल म्हणजे आयईसी ६१०१०. त्यात मोजमापाच्या जागांचे वर्ग केलेत आणि चांगल्या मीटरवर ते 'कॅट टू', 'कॅट थ्री', 'कॅट फोर' असे छापलेले असतात. कॅट टू म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटला लावायच्या वस्तू: मिक्सर, टीव्ही, लॅपटॉपचा चार्जर. कॅट थ्री म्हणजे इमारतीतलं पक्कं वायरिंग, डिस्ट्रिब्युशन बोर्ड, लिफ्टचं पॅनेल. कॅट फोर म्हणजे जिथून वीज इमारतीत शिरते ती जागा, म्हणजे बाहेरून येणारी केबल, मीटर रूम. पूर्वी कॅट वनही होतं, २०१० च्या आवृत्तीपासून ते काढून टाकलं. पुष्कळांना वाटतं की हे वर्ग व्होल्टेजचे आहेत. नाहीत. २३० व्होल्ट तिन्ही ठिकाणी सारखेच आहेत. बदलतं ते त्यांच्या मागे उभं असलेलं सैन्य.

हिशोब करून बघा, सोपा आहे. आमच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा आहे, ११ हजारांचे ४३३ व्होल्ट करतो. पूर्ण भाराला ६६७ अँपिअर. त्याचा इम्पीडन्स साडेचार टक्के धरला तर त्याच्या पायाशी शॉर्ट झालं की जवळपास १५ हजार अँपिअर वाहतील. आता तिथून वर माझ्या बेडरूमच्या सॉकेटपर्यंत या. बाकी सगळं सोडा, फक्त शेवटची ३० मीटर अडीच स्क्वेअरची तांब्याची तार धरा. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे साधारण ०.४४ ओहम. या एवढ्याशा तारेमुळे सॉकेटपाशी शॉर्टचा करंट पाचशे अँपिअरच्या आसपास येतो. व्होल्टेज तेच. पंधरा हजार आणि पाचशे. तार ही नुसती वीज आणणारी गोष्ट नाही, ती वीज अडवणारीही गोष्ट आहे, आणि मीटर रूममध्ये ती अडवणारी तारच नसते.

प्रमाणाच्या चाचणीत हेच दिसतं. 'कॅट टू १००० व्होल्ट' आणि 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' असे दोन मीटर समोर ठेवले तर आपण हजारवाला उचलू, हो ना? दोघांनाही चाचणीत ६००० व्होल्टचाच काटा मारतात. पण पहिल्याला तो १२ ओहममधून मारतात आणि दुसऱ्याला २ ओहममधून. ओहमचा नियम लावा: ५०० अँपिअर आणि ३००० अँपिअर. सहाशेवाला मीटर हजारवाल्याच्या सहापट रट्टा खाऊन उभा राहतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण दुकानदारही हजार हा आकडा सहाशेपेक्षा मोठा असतो एवढंच जाणतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. लीड बस-बारला टेकलेल्या आहेत, काटा येतो. मीटरच्या आत दोन पट्ट्यांमधली १.८ मिलिमीटर हवा फुटते. ठिणगी पडते. त्या ठिणगीत स्वतःचा असा फार दम नसतो, पन्नास मायक्रोसेकंदांची तर गोष्ट. पण ठिणगीने हवेत एक वाट पाडलेली असते, तापलेल्या, वीज वाहणाऱ्या वायूची. काटा निघून जातो, वाट राहते. आणि त्या वाटेने आता मागून ट्रान्सफॉर्मर येतो. चोराने खिडकी उघडली आणि घरात पूर शिरला, असं काहीसं. हजारो अँपिअरला बोर्डवरची तांब्याची पट्टी म्हणजे काहीच नाही. ती वितळत नाही, तिची वाफ होते. प्लॅस्टिकचा डबा फुटतो. हात दचकून मागे येतो, लीड बस-बारवरून ओढल्या जातात आणि आता आर्क मीटरच्या बाहेर, लीडच्या टोकांपाशी. आणि मीटर कुठे लटकवलेला होता? छातीवर.

हे टाळायचा सगळ्यात जुना, साधा आणि अजिबात चमकदार नसलेला उपाय म्हणजे अंतर. सहा हजार व्होल्टच्या काट्यासाठी प्रमाणाच्या तक्त्यात साडेपाच मिलिमीटर लिहिलेत. चार हजाराला तीन, आठ हजाराला आठ. माझ्या मीटरमधले १.८ त्या तक्त्यात शोधले तर दीड मिलिमीटरच्या ओळीत बसतात, म्हणजे अडीच हजार व्होल्टचा काटा. आणि हे झालं साधं इन्सुलेशन. वीज आणि तुमचा तळहात यांच्यामध्ये ते दुहेरी लागतं. कॅट थ्री सहाशेला तिथे १०.५ मिलिमीटर हवेत. (महागड्या मीटरांमध्ये इनपुटला काटा दाबून टाकणारे व्हॅरिस्टर, रेझिस्टर वगैरे मंडळीही असतात. ती हवीतच. पण ती बसवायलाही जागा लागते. फिरून फिरून अंतर.)

बरं, अंतर म्हणजे कुठलं अंतर? इथे दोन प्रकार आहेत आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून तोरण्याकडे बघितलंय कधी? वाटतं, हात लांब केला की लागेल. पण ज्यांनी राजगड-तोरणा ट्रेक केलाय त्यांना विचारा. डोळ्याचं अंतर वेगळं आणि पायांचं वेगळं. विजेचंही तसंच आहे. हवेतून सरळ उडी मारायचं अंतर ते क्लिअरन्स, आणि बोर्डच्या पृष्ठभागावरून सरपटत जायचं अंतर ते क्रीपेज. उडी मारायला क्षणभराचा काटा पुरतो. सरपटणं मात्र रोजचं, सावकाश, वर्षानुवर्षं चालतं. बोर्डवर धूळ बसते, दमट हवेत ती ओलसर होते, तिच्यातून मायक्रोअँपिअरमध्ये करंट झिरपतो. कुठेतरी बारीक ठिणगी होते, तिथलं प्लॅस्टिक जळून कोळसा होतो, कोळसा वीज वाहतो, मग ठिणगी थोडी पुढे सरकते. अशी एक काळी रेघ वाढत वाढत एक दिवस पलीकडे पोचते. याला ट्रॅकिंग म्हणतात.

कुठलं प्लॅस्टिक ट्रॅकिंगला किती दाद देतं हे मोजायची चाचणी तर थेट आजीच्या काळातली वाटते. दोन प्लॅटिनमच्या टोकांमध्ये चार मिलिमीटर अंतर ठेवायचं, व्होल्टेज लावायचं आणि मधे दर ३० सेकंदांनी अमोनियम क्लोराइडच्या ०.१ टक्के द्रावणाचा एक थेंब टाकायचा. असे पन्नास थेंब. पन्नास थेंबांत रेघ उठली नाही असं सगळ्यात जास्त व्होल्टेज म्हणजे त्या मालाचा निर्देशांक. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, भांड्यांना कल्हई करताना ज्याचा पांढरा धूर निघायचा तोच. आपले नेहमीचे हिरवे बोर्ड, एफआर-४ चे, या परीक्षेत जेमतेम पास होणाऱ्यांपैकी आहेत. म्हणून चांगल्या मीटरच्या बोर्डमध्ये लीडच्या नळ्यांभोवती आरपार खाचा कापलेल्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं वजन कमी करायला असतील. खाच म्हणजे दरी आहे. सरपटणाऱ्याला वळसा घालावा लागतो. आणि ती निदान एक मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर कचऱ्याने बुजेल असं गृहीत धरून तिचा वळसा मोजतच नाहीत.

हे सगळे तक्ते 'प्रदूषण पातळी दोन' धरून वापरतात, म्हणजे कोरडी धूळ आणि क्वचित कधीतरी दव. आता मामांची पिशवी आठवा. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, वर पुण्याचा जुलै आणि खाली पंपरूमची ओल. प्रमाण लिहिणाऱ्या समितीने चुन्याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. कोकणात तर खारा वारा. एका बाबतीत मात्र आपण सुखी आहोत. हवा विरळ झाली की ती लवकर फुटते, त्यामुळे हे आकडे समुद्रसपाटीपासून २००० मीटरपर्यंतच चालतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अख्खा महाराष्ट्र मर्यादेत बसला. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, तेच साडेपाच मिलिमीटर १.२९ ने गुणून सात करावे लागतात. बाइकवरून लडाखला जाणाऱ्या मित्रांनी नोंद घ्यावी, जरी मल्टिमीटर कुणी नेत नसलं तरी.

असो. पाल्हाळ झालं. मूळ गोष्ट अशी की हे सगळं वाचून झाल्यावर मी बुधवारी सोसायटीच्या कमिटीच्या मीटिंगला गेलो. पहिल्यांदाच. मामांना सोसायटीच्या खर्चाने एक धड मीटर घेऊन द्यावा, किमान कॅट थ्री ६०० व्होल्ट, जमल्यास कॅट फोर, असा विषय मांडला. चार-पाच हजारांचा मामला. आमचे खजिनदार काका बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "अरे, आत्ताचा मीटर चुकीचा दाखवतो का?"

"नाही काका."

"मग नवा जास्त बरोबर दाखवेल?"

"नाही. तेवढंच दाखवेल."

"मग पाच हजार कशाचे?"

मला हा प्रश्न फार आवडला, खरंच. कारण खरेदीचा आपला सगळा अनुभव इथे उलटा होतो. पंखा वाईट असेल तर वारा कमी लागतो, चप्पल वाईट असेल तर तुटते. स्वस्त मीटर रोज बरोबर चालतो. वीस वर्षं बरोबर चालेल. त्याचं वाईट असणं हे वापरून कळण्यासारखं नाहीच. ते कळतं तेव्हा एकदाच कळतं. मी काकांना म्हणालो, "पाच हजार रिकाम्या जागेचे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर दोन रेघा काढून १.८ आणि ५.५ दाखवलं. एक सदस्य म्हणाले, "मामा इतकी वर्षं करतायत, काही झालंय का?" झालं नाही हे खरंच आहे. पण त्यात मीटरचं कर्तृत्व शून्य. मामा मोजत असतानाच्या त्या दोन-चार सेकंदांत वीज कोसळली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझा मुद्दा खर्चाचा नव्हताच. गेल्याच वर्षी याच कमिटीने गच्चीवर सोलर बसवायला काही लाख रुपये दोन मीटिंगमध्ये मंजूर केले. त्या सोलरची एकेक ओळ सोळा पॅनेलची आहे. प्रत्येकी पन्नासच्या आसपास, म्हणजे उन्हात जवळपास ८०० व्होल्ट डीसी. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, आर्कला विझायची संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. आणि ते मोजायला वर कोण जाणार? मामा. कशाने? त्याच पिवळ्या डब्याने, ज्यावर १००० व्होल्ट छापलंय. छापलेलं रेटिंग म्हणजे कोडमधली कॉमेंट आहे. कंपायलर कॉमेंट वाचत नाही आणि विजेलाही वाचता येत नाही. चारशे रुपयांच्या मीटरवर 'कॅट थ्री १००० व्होल्ट' छापलेलं मी स्वतः बघितलंय. शाई स्वस्त आहे.

आणि हत्यार ज्याच्या हातात असतं त्याने ते निवडलेलं नसतं, ही मला खुपणारी खरी गोष्ट. आपण ऑफिसात पाठ दुखते म्हणून बारा हजारांची खुर्ची मागतो, एचआर देते. मामांना मीटर स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो, म्हणून ते दोनशेचा घेतात. पॅनेल आपलं, ट्रान्सफॉर्मर आपल्यासाठी, वायफायही आपलं. फक्त छाती त्यांची. माझं मत विचाराल तर ज्याचं पॅनेल त्याने मीटर द्यावा. यात उपकार कसला?

स्वस्त मीटर वाईट असं माझं म्हणणं नाही, हेही सांगून टाकतो. सेल, बॅटरी, ब्रेडबोर्ड, बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, याला तो उत्तम आहे, कॉलेजच्या पोरांनी बिनधास्त घ्यावा. फक्त सॉकेटपाशी थबकावं आणि बोर्डपाशी थांबावं. त्यावर 'दहा अँपिअर, अनफ्यूज्ड' असं छापलेलं असतं, तेवढी एक ओळ मात्र कॉमेंट नव्हे, खरी माहिती आहे: लीड चुकून त्या भोकात राहिली आणि व्होल्ट मोजायला गेलात, तर मधे फ्यूजसुद्धा नाही. ज्यात असतो त्यातही काचेचा. दहा अँपिअरचा साधा काचेचा फ्यूज शंभर-एक अँपिअरपर्यंत नीट तुटायची हमी देतो. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला असतो तो वीस हजार अँपिअर तोडू शकतो. वरचा पंधरा हजारांचा हिशोब आठवा.

तर, पैसे मंजूर झाले. काकांनी एकच अट घातली, परदेशी नको. ती पाळायला काही अडचण नव्हती. मोटवाने आणि ऋषभ, दोन्ही मीटरवाले आपल्या नाशिकचेच. शुक्रवारी मीटर आला. बोटांना आडवे येणारे जाड कठडे असलेल्या लीड, मागे चौकोनात चौकोन असलेलं दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह, हातात घेतल्यावर वजन लागतं. मी समारंभपूर्वक मामांना दिला. छातीवर लटकवू नका, बाजूला ठेवा किंवा टांगा, हेही सांगितलं. मामांनी उलटासुलटा करून बघितला, "भारी आहे दादा" म्हणाले.

काल संध्याकाळी खाली गेलो तर मामा पार्किंगमधल्या एका सॉकेटपाशी बसले होते. नवा मीटर. पण लीड जुन्या, त्या बारीक, लांब टोकाच्या.

"मामा, लीड का बदलल्या?"

"अहो दादा, नव्याचं टोक लईच आखूड. सॉकेटात आत पोचतंच नाही."

बरोबर होतं त्यांचं. कॅट थ्रीच्या लीडचं उघडं टोक चार मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे ते एकाच वेळी दोन बस-बारना टेकून शॉर्ट होऊ नये. कॅट टूला एकोणीसपर्यंत चालतं. आणि मीटर, लीड, क्लिप यांत जो सगळ्यात कमजोर तोच सगळ्यांचं रेटिंग ठरवतो, म्हणजे पाच हजारांचा मीटर पुन्हा दोनशेवर आलेला. मी त्यांना सांगितलं की टोकावर बसवलेली ती काळी टोपी असते ना, ती सॉकेटसाठी काढायची आणि पॅनेलपाशी परत घालायची.

"काढता येते होय ती? मग ठीक आहे." मामा उठले, पिशवीतून नव्या लीड काढल्या. एका टोकाला टोपी होती. दुसऱ्याची नव्हती. पिशवी पार्किंगच्या फरशीवर उपडी केली. पक्कड, टेस्टर, पट्टी, पुडी, डबी. आम्ही दोघं मोबाईलचा उजेड पाडून शोधत होतो.